डॉपलरची सुई टोचण्याआधी सिकल तपासा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

एसटी स्टँडच्या भिंतीवर, पानठेल्याच्या मागच्या पत्र्यावर आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘पुरुषांच्या कमजोरीवर हमखास इलाज’ हा मजकूर आपल्या भागात सगळ्यांच्या पाहण्यातला आहे. लिंगाला ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, या तक्रारीला गावात ‘कमजोरी’ म्हणतात. ती बायकोलाही न सांगता पुडी, तेल, चूर्ण यांवर वर्ष-दोन वर्षे काढली जातात. मग कुणीतरी सांगते म्हणून माणूस थेट जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन लिंगाची डॉपलर सोनोग्राफी, म्हणजे औषध टोचून लिंगातल्या रक्ताचा वेग मोजायची तपासणी, करून येतो. या दोहोंच्या मधे जे व्हायला हवे तेच राहून जाते. आम्ही विदर्भातल्या लहान गावांत काम करणारे डॉक्टर आणि सोनोग्राफी करणारे लोक आहोत. ही तपासणी कुणी, केव्हा, कशी करावी आणि आपल्या भागात ती करताना काय विसरून चालत नाही, हे स्पष्ट शब्दांत छापले जावे, म्हणून हे पत्र.

ताठरता हा मुळात रक्ताचा खेळ आहे. मेंदूतून निरोप आला की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते. त्याने धमन्यांभोवतीचे आणि लिंगातल्या स्पंजासारख्या पोकळ्यांचे स्नायू सैल पडतात, रक्त भरभर आत येते, आणि फुगलेला स्पंज रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरांना वरच्या चिवट आवरणावर दाबून बंद करतो. ओलिताची शेती करणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाटाला पाणी कमी आले तर वाफा भरत नाही, आणि बांध फुटलेला असेल तर कितीही पाणी सोडले तरी भरत नाही. रक्तवाहिन्यांचा दोष याच दोन जागी असतो: धमनीतून रक्त पुरेसे येत नाही, नाहीतर आलेले शिरांवाटे थांबत नाही. पुष्कळदा दोन्ही.

लिंगाच्या आतल्या धमनीची रुंदी १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमनीची ३ ते ४ मिलिमीटर. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू वाहिन्यांचे अस्तर सगळ्या अंगात खराब करतात, पण बारीक वाहिनीत ते आधी जाणवते. त्यामुळे ताठरतेची तक्रार छातीत दुखू लागण्याच्या साधारण २ ते ५ वर्षे आधी सुरू होऊ शकते. चाळिशी-पन्नाशीचा, दिवसाला तंबाखूचे चार-पाच खर्रे खाणारा माणूस ही तक्रार घेऊन आला तर त्याचे हृदय तपासण्याची ती वेळ असते. पुडी विकणारा त्याचे पैसे घेतो ते घेतोच, पण ही दोन-चार वर्षेही घेऊन जातो. आम्हाला खरा राग त्याचा आहे.

तपासणीची सुरुवात विचारपुशीने व्हावी. तक्रार एका रात्रीत आली की हळूहळू वाढत गेली? पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का? लग्नानंतर लगेच, भांडणानंतर किंवा कर्जाच्या घोरात अचानक आलेली आणि पहाटेची ताठरता शाबूत असलेली अडचण बहुतेक मनाच्या ताणाची असते. हळूहळू वाढलेली, पहाटेही ताठरता न येणारी आणि सगळ्याच प्रसंगी असलेली अडचण वाहिन्यांची किंवा नसांची (मज्जातंतूंची) समजून पुढे जावे. पाच प्रश्नांची एक गुणपत्रिका जगभर वापरतात. तिचे गुण ५ ते २५ असतात. २२ किंवा त्याहून जास्त म्हणजे अडचण नाही, १७ ते २१ सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम, ५ ते ७ तीव्र. हे प्रश्न मराठीत विचारून कागदावर गुण लिहून ठेवले की सहा महिन्यांनी फरक पडला का ते कळते. ते विचारायला पाच मिनिटे लागतात. दार लोटून घ्यावे आणि कंपाउंडरला बाहेर पाठवावे, एवढीच अट.

मग हात लावून तपासणे. रक्तदाब, कमरेचा घेर, जांघेतली आणि पायाच्या पंजावरची नाडी. चालताना ढुंगणात किंवा मांडीत गोळे येतात, थांबले की जातात आणि जांघेतली नाडी मंद लागते, असे असेल तर दोष वर पोटातल्या मोठ्या धमनीत असू शकतो. अशा माणसाची नुसती लिंगाची सोनोग्राफी करून काही हाती लागत नाही. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. ते ०.९ पेक्षा कमी आले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत असे समजावे. यासाठी हातात धरायचे छोटे डॉपलर यंत्र आणि नेहमीचा दाब मोजायचा पट्टा पुरतो.

रक्ताच्या तपासण्यांत उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, चरबी, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक यायला हवे. टेस्टोस्टेरॉनचे रक्त सकाळी ७ ते ११ च्या दरम्यानच घ्यावे. दुपारी ते उतरते, आणि एसटीने दोन वाजता पोहोचलेल्या माणसाचे रक्त तसेच घेतले तर नसलेला आजार कागदावर येतो. एकदा कमी आले तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घ्यावे, आणि पुन्हा कमी आले तरच प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक पाहावे. विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. तीन महिन्यांची साखर दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये फसवते. त्यांच्या तांबड्या पेशी लवकर फुटतात, म्हणून साखर जास्त असूनही आकडा कमी येतो. वाहकांमध्येही, म्हणजे आजार नसून त्याचा एकच दोष अंगात असलेल्यांमध्येही, काही यंत्रांवर तो चुकतो. म्हणून आपल्याकडे उपाशी आणि जेवणानंतरची साखर ही खरी तपासणी, एचबीएवनसी नंतरची.

ईसीजी काढावा. सपाट रस्त्यावर दीड किलोमीटर वीस मिनिटांत धाप न लागता, छातीत न दुखता चालता येते का, हेही विचारावे. शरीरसंबंधाला हृदयावर साधारण तेवढाच भार पडतो. शेतावर राबणाऱ्याला तो पेलतो. चार पावलांत छाती भरून येत असेल तर आधी हृदयाचे पाहावे, बाकीचे नंतर.

इथवरच्या एकाही तपासणीसाठी मोठ्या शहरात जावे लागत नाही. तीस वर्षांवरील माणसांची रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रांत तपासली जाते. यातून मधुमेह किंवा रक्तदाब सापडला, तंबाखू सुटली आणि हृदय सशक्त निघाले, तर डॉक्टरच्या सल्ल्याने सिल्डेनाफिलसारखी गोळी देऊन पाहता येते. निम्म्याहून अधिक लोकांचे पुढचे काम तिथेच थांबते, डॉपलर लागतच नाही. एकच इशारा: छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ही गोळी कधीही घेऊ नये, रक्तदाब एकदम कोसळतो. आणि छातीत दुखून दवाखान्यात पोहोचलात तर गोळी घेतली असल्यास ते लाज न बाळगता सांगावे. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत हेच औषध न सांगता मिसळलेले अनेकदा सापडले आहे, म्हणून पुडी खाल्ली असेल तर तीही सांगावी.

मग डॉपलर कुणासाठी? गोळ्या नीट घेऊनही गुण न आलेल्यांसाठी, अपघातात कमरेचे हाड मोडलेल्या किंवा बैठकीवर जोराचा मार बसलेल्या तरुणांसाठी, लिंग वाकडे झालेल्यांसाठी आणि ऑपरेशनचा विचार चाललेल्यांसाठी. चाचणी नवी नाही. १९८२ मध्ये पॅरिसमध्ये रोनाल्ड विराग यांनी पापाव्हेरीन हे वाहिन्या सैल करणारे औषध लिंगात टोचून ताठरता आणता येते हे दाखवले, आणि १९८५ मध्ये टॉम ल्यू यांनी त्या इंजेक्शनला डॉपलरची जोड दिली. इंजेक्शनशिवाय, लिंग शिथिल असताना केलेली डॉपलर वाहिन्यांबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तसा रिपोर्ट हातात आला तर ती तपासणी झालीच नाही असे धरावे.

टोचण्याआधी सिकल. आमच्या पत्रातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ आणि अमरावतीचा मेळघाट, सगळीकडे सिकलसेल आहे, आणि तो आदिवासींपुरता नाही, इतर समाजांतही आहे. या रुग्णांत ताठरता आली तर ती उतरतच नाही असे होऊ शकते. अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो, पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वाट आणखी बुजते. डॉपलरसाठी टोचायच्या अल्प्रोस्टॅडिल या औषधाच्या माहितीपत्रकातच सिकलसेलचा रुग्ण आणि वाहक या दोघांनाही हे इंजेक्शन देऊ नये असे लिहिलेले असते. परदेशी पुस्तकात ही ओळ तळटीपेसारखी येते, आपल्याकडे ती पहिल्या पानावर हवी. सिकल ओळखणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीला बोटातले थेंबभर रक्त आणि काही मिनिटे पुरतात: द्रावण गढूळ झाले आणि मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की चाचणी होकारार्थी. त्यावरून रुग्ण की वाहक ते कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या चाचण्या लागतात. पण टोचायचे की नाही, एवढे ठरवायला गढूळपणा पुरेसा आहे. नुकतेच रक्त चढवलेल्या किंवा फार रक्तक्षय असलेल्या माणसात ही चाचणी खोटी नकारार्थी येऊ शकते, त्यांची एचपीएलसीच करावी. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत अनेकांना कार्ड मिळाले आहे. डॉपलरला जाताना ते सोबत न्यावे, आणि डॉक्टरने ते मागावे. होकारार्थी आलेल्यांना सुई नाही. त्यांची पुढची तपासणी मेडिकल कॉलेजमध्ये, यंत्र लावून झोपेतली ताठरता मोजून करता येते. निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते सहा वेळा ताठरता येते, आणि टोकाशी ६० टक्के कडकपणा निदान १० मिनिटे टिकला तर वाहिन्या आणि नसा शाबूत आहेत असे समजतात. लिंगाभोवती टपाल तिकिटांची पट्टी चिकटवून सकाळी फाटली का पाहायचा जुना घरगुती प्रकार मात्र भरवशाचा नाही.

टोचायचे औषध अल्प्रोस्टॅडिल १० ते २० मायक्रोग्रॅम, किंवा पापाव्हेरीन ३० ते ६० मिलिग्रॅम. तरुण, मनाच्या ताणाचा संशय असलेला किंवा मणक्याला इजा झालेला रुग्ण असेल तर कमी डोसने सुरू करावे, कारण त्यांची ताठरता जास्त वेळ राहते. सुई इन्सुलिनची, बारीक. ती लिंगाच्या बुडाकडच्या भागात बाजूने, घड्याळातल्या दहा किंवा दोनच्या जागी टोचावी: वर मधोमध नसा आणि वाहिन्या असतात, खाली मूत्रनळी. सुई काढल्यावर जागा पाच मिनिटे दाबून धरावी, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त. अल्प्रोस्टॅडिलची कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हाळ्यात बारा-बारा तास वीज जाणाऱ्या गावातल्या फ्रीजमधून काढलेली कुपी निकामी असू शकते. औषध लागू न पडल्याने आलेली अर्धवट ताठरता मग ‘शिरांची गळती’ म्हणून लिहिली जाते.

चुका पुढे मोजण्यातही होतात. ७.५ ते १२ मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून वरचा सरळ प्रोब घ्यावा, लिंग पोटाकडे वर ठेवून खालच्या बाजूने, बुडाशी दोन्ही धमन्या पाहाव्यात. टोकाकडे वेग आपोआप कमी भरतो, म्हणून तिथले माप चालत नाही. रक्ताच्या प्रवाहाशी डॉपलरचा कोन ६० अंशांच्या आत असावा. कोन त्याहून वाढला की थोड्याशा चुकीनेही वेग भलताच येतो. इंजेक्शननंतर ५, १०, १५, २०, २५ आणि ३० मिनिटांनी दोन्ही बाजूंचे आकडे लिहावेत. पाचव्या मिनिटाला रक्त आत येण्याचा वेग वाढलेला असतो आणि ठोक्यांच्या मधेही ते वाहत असते. ती निरोगी माणसातलीही पहिली पायरी आहे. मग हळूहळू ठोक्यांच्या मधला वेग शून्यावर येतो, उलटाही होतो, आणि पूर्ण कडकपणा आला की ठोक्याचा वेगही उतरतो. जो पाचव्या मिनिटाला मोजून यंत्र बंद करतो त्याला प्रत्येकात गळती दिसते, आणि जो फक्त शेवटी मोजतो त्याला चांगली धमनीही कमजोर दिसते.

आकडे असे वाचावेत. ठोक्याचा सर्वोच्च वेग, म्हणजे पीएसव्ही, सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या वर असेल तर धमनी चांगली. २५ च्या खाली असेल तर धमनीतून रक्त कमी येते आहे. मधले आकडे संशयाचे, तिथे दोन्ही बाजू आणि रुग्णाची बाकीची स्थिती पाहून ठरवावे. दोन बाजूंत १० हून जास्त फरक असेल तर एका बाजूच्या धमनीत अडथळा शोधावा. ठोक्यांच्या मधला वेग, म्हणजे ईडीव्ही, ३ च्या खाली उत्तम. पीएसव्ही चांगला असताना तो ५ च्या वर राहिला तर शिरांच्या गळतीचा संशय घ्यावा. या दोहोंवरून रोधांक काढतात: पीएसव्हीतून ईडीव्ही वजा करायचा आणि पीएसव्हीने भागायचे. पीएसव्ही ४० आणि ईडीव्ही २ असेल तर उत्तर ०.९५. ०.९ च्या वर उत्तम, ०.७५ च्या खाली बिघाड. आता पीएसव्ही २० आणि ईडीव्ही ६ घ्या: रोधांक ०.७ येतो आणि रिपोर्टवर ‘गळती’ छापली जाते. पण इथे मुळात पाणीच कमी आले, वाफा भरलाच नाही, तर बांध फुटला आहे की नाही ते कळणार कसे? पीएसव्ही कमी असताना गळतीचे निदान करू नये. ही चूक सगळ्यात जास्त होते.

दुसरी मोठी चूक भीतीमुळे होते. अनोळखी खोली, एसीचा गारवा, दारात डोकावणारे लोक, बाहेर बसलेला सासरा. अशा वेळी अंगात अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, स्पंजाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि शिरा दाबल्या जात नाहीत. यंत्रावर हुबेहूब गळतीसारखे चित्र दिसते. म्हणून खोली उबदार असावी, दाराला कडी असावी, रुग्णाला पंधरा मिनिटे एकटे सोडावे, आणि तरी ताठरता अपुरी राहिली तर दुसरा डोस देऊन पुन्हा मोजावे. दुसऱ्या डोसशिवाय ‘गळती’ हा शब्द तरुणाच्या रिपोर्टवर लिहू नये. तो कागद त्याच्या लग्नावर उठतो. रुग्णानेही तपासणीच्या दिवशी सकाळपासून खर्रा, बिडी टाळावी, निकोटिनने वाहिन्या आवळतात. आदल्या रात्री ताकदीची गोळी घेतली असेल तर सांगावे, तिच्यावर इंजेक्शन पडले की ताठरता लांबते.

रिपोर्टवर औषधाचे नाव, डोस, दुसरा डोस दिला की नाही, कोन, दोन्ही बाजूंचे प्रत्येक वेळचे आकडे आणि ताठरता किती आली, हे सगळे असले पाहिजे. नुसते ‘व्हीनस लीक’ (शिरांची गळती) दोन शब्द आणि एक चित्र, यावर कुणी ऑपरेशन सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. शिरा बांधण्याच्या ऑपरेशनचा गुण बहुतेकांना टिकत नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वांत ते सहसा सुचवलेले नाही. धमन्यांची अँजिओग्राफी फक्त अशा तरुणांसाठी, ज्यांना मधुमेह नाही, तंबाखू नाही, आणि ट्रॅक्टर उलटून किंवा मोटारसायकलच्या अपघातात एकाच ठिकाणी धमनी तुटली आहे. पोटाच्या भिंतीतली धमनी लिंगाच्या धमनीला जोडण्याचे बारीक ऑपरेशन त्यांना उपयोगी पडू शकते. बाकीच्यांना तिचा खर्च आणि किरणे कशाला?

आता वेळेची गोष्ट. ही तपासणी सकाळीच व्हावी. दुपारी तीनला टोचले आणि माणूस साडेचारच्या एसटीने गावाला निघून गेला, तर चार तासांचा हिशेब संध्याकाळी सातला गावात पुरा होतो. तिथे डॉक्टर नाही, आणि सांगायची लाज. चार तासांहून जास्त टिकलेली ताठरता ही तातडीची बाब आहे. आतल्या पेशी ऑक्सिजनविना मरू लागतात, आणि ३६ तास उलटले तर पुढे ताठरता कायमची जाण्याची शक्यता फार मोठी. बर्फ लावत, चालत बसू नये. १०८ ला फोन करून सर्जन असलेल्या दवाखान्यात जावे आणि ‘डॉपलरचे इंजेक्शन घेतले, इतक्या वाजता’ असे सांगावे. जिथे ही डॉपलर होते तिथे उतारा तयार हवा: अडकलेले रक्त जाड सुईने ओढून काढायचे, मग फेनिलेफ्रिन हे वाहिन्या आवळणारे औषध लिंगात टोचायचे. १० मिलिग्रॅमची १ मिलिलिटरची कुपी सलाइनने ५० मिलिलिटर केली की दर मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम होते. तेवढे दर ३ ते ५ मिनिटांनी द्यायचे, तासाभरात एकूण १ मिलिग्रॅमच्या वर नाही, आणि प्रत्येक वेळी रक्तदाब व नाडी पाहायची. ज्या केंद्रात फेनिलेफ्रिन नाही त्या केंद्राने हे इंजेक्शन टोचू नये. रुग्णाला ताठरता उतरल्याशिवाय घरी सोडू नये, आणि सोडताना फोन नंबर लिहिलेला कागद द्यावा.

लॉजमध्ये, मंगल कार्यालयात ‘शिबिर’ लावून डॉपलर करून देणारे भेटले तर आधी विचारावे, हे यंत्र इथे कसे आले? गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने सोनोग्राफी यंत्राची नोंदणी ठरलेल्या जागेशी बांधलेली आहे. ते उचलून कुठेही नेता येत नाही. तालुक्याच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे तक्रार करता येते.

शेवटी तुमच्याकडे एक मागणे. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४, यात नपुंसकतेवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे, आणि ती छापण्यात भाग घेणाराही त्यात येतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे. अशा जाहिराती तुमच्या पानांवर घेऊ नयेत. त्या चार ओळींच्या चौकटीत आपापल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात साखर, रक्तदाब आणि सिकल कोणत्या वारी तपासतात, तेवढे छापावे.

आपले,
विदर्भातील ग्रामीण भागात काम करणारे काही डॉक्टर व सोनोग्राफी तज्ज्ञ